शिवणीच्या फळीवरची जोडी

अमरावतीच्या राजापेठेत कुणाच्या घरी ‘स्टुडिओ’ निघाला की लोकांना पासपोर्ट फोटोच आठवतो. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मी घराच्या मागच्या खोलीत लाकडावर चित्रं कोरून छापायचं ठरवलं आणि कौतुकानं चार शेजाऱ्यांना सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी समोरच्या ट्युशन क्लासमधल्या पोरी पावडर लावून फोटो काढायला दारात हजर. मी त्यांच्यावर उगाचच खेकसले. मला राग लवकर येतो. आमचे हे अकोल्याला नोकरीला आहेत, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातात. ते म्हणतात, ही बदली मी मागून घेतली, तुझ्या रागाला आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून.

नागपूरला कलाशाळेत असताना मी हे काम शिकले होते. फळीवर चित्र काढायचं, जिथं कागद पांढरा हवा तिथलं लाकूड पटाशीनं कोरून काढायचं, उरलेल्या उंच भागावर रुळानं शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि मागून घासायचा. कागद उचलला की चित्र. मग लग्न झालं, शाळेत चित्रकलेची बाई झाले आणि पुढची सगळी वर्षं पोरांचे डोंगर, नारळाची झाडं आणि मधून उगवणारा सूर्य तपासण्यात गेली. अमरावतीत नारळाचं झाड कुणी पाहिलंय देव जाणे, पण प्रत्येक वहीत ते असतंच. शेवटी त्या उन्हाळ्यात मी मागच्या खोलीतला कूलर, रिकाम्या पेट्या आणि लग्नातली न वापरलेली भांडी बाहेर काढली आणि खोली धुऊन घेतली.

गल्लीच्या तोंडाशी हुसेनभाईंचं फर्निचरचं दुकान आहे. मी त्यांच्याकडे सागवान मागायला गेले, कारण आपल्याकडे लाकूड म्हणजे सागवान. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, सागवान दाराले ठीक हाय. तुमाले कोरायचं हाय नं? मंग शिवण घ्या. हाताले नरम अन् फाटत बी नाई.” त्यांनी शिवणीच्या फळ्या रंधा मारून अशा गुळगुळीत करून दिल्या की मला त्यांच्यावर पहिली रेघ ओढायला जीव होईना. कुठल्यातरी घरातून निघालेल्या जुन्या दाराला पाय ठोकून त्यांनी मला टेबल करून दिलं. त्यांची बायको खुर्शीदबी खोली पाहायला आली. कागद मागून घासायला मी स्टीलचा चमचा वापरते हे पाहून ती घरी गेली आणि शिरखुर्मा ढवळायचा आपला लाकडी डाव घेऊन आली. पिढ्यान्‌पिढ्या वापरून त्याची पाठ काचेसारखी झाली होती. “ईदले मले परत लागन,” एवढंच म्हणाली. पुढं ईद आली तेव्हा तिनं नवीन डाव आणला, हा परत मागितला नाही. त्या खोलीत माझी स्वतःची म्हणावी अशी शाई आणि पटाश्या होत्या, बाकी सगळं कुणी ना कुणी दिलेलं. मला त्याचा कधी संकोच वाटला नाही. उलट तिथं पाऊल टाकलं की बरं वाटायचं.

आणि खोली लागते न लागते तोच बाबा आले. आले कसले, मीच घेऊन आले.

माझे वडील, नत्थुजी, भातकुलीच्या बाजूच्या एका गावात एकटेच राहत होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी एकुलती. त्यांच्या वावराला लागून बुधाजीकाकांचं वावर, मध्ये एक धुरा, म्हणजे बांध. दोघांनी जन्मभर सावड केली. म्हणजे बैल एक याचा, एक त्याचा, जोडी मिळून एकच, आणि ती पाळीपाळीनं दोघांच्या वावरात चालायची. बाबांचा पवळ्या, ज्याचं एक शिंग अर्ध्यात मोडलेलं होतं. बुधाजीकाकांचा बांड्या, ज्याच्या पाठीवर मोठा काळा डाग. पवळ्या कायम डाव्या अंगाला आणि बांड्या उजव्या. जागा बदलली तर दोघंही पाऊल उचलायचे नाहीत. गावात गंमतीनं म्हणत की बैल मेले तरी चालतील, पण ही सावड तुटायची नाही.

सावड तुटली ती त्या आधीच्या हिवाळ्यात. बुधाजीकाकांनी जीव दिला. त्या वर्षांत आमच्याकडे हे इतक्या घरांत झालं की वर्तमानपत्रात बातमी आतल्या पानावर जायची. त्या दिवशी त्यांना धुऱ्यावर सगळ्यांत आधी पाहिलं ते बाबांनी. पुढं त्यांच्या बायकोनं, कौशल्याकाकूंनी, बांड्या विकला. एकटा पवळ्या दुसऱ्या कुठल्या बैलाजवळ उभा राहीना, तेव्हा बाबांनीही त्याला बाजार दाखवला. वावर बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला, देऊन टाकलं. आणि बोलणं बंद केलं. विचारलं तर हो-नाही, त्यापुढं काही नाही.

सरळच सांगते. बाबाही त्याच वाटेनं जातील ही भीती मला रात्रंदिवस खायची. म्हणून मी त्यांना अमरावतीला आणलं. आणि आमच्या घरात रिकामी खोली एकच, मागची. म्हणजे ज्या खोलीत धारदार पटाश्या, ज्या खोलीत शाई पुसायचं रॉकेल, त्याच खोलीत खिडकीखाली त्यांची खाट. ह्यांनी सुचवलं की काही दिवस तुझं सामान माळ्यावर टाक. मी टाकलंही असतं. पण मी काम करत बसले की बाबा खाटेवरून माझ्या हाताकडं पाहायचे. दुसरं कशाकडंच ते पाहत नसत. टीव्हीकडं नाही, रस्त्याकडं नाही, ताटाकडंही नाही. तेवढं एक पाहणं मी कशी बंद करणार? म्हणून मी मधला मार्ग काढला. काम झालं की सगळं लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप.

जूनअखेर शाळा सुरू झाली आणि माझा जीव टांगणीला लागला. तेव्हा खुर्शीदबी आपण होऊन म्हणाली, “मी बसत जाईन दुपारची. घरी तरी काय करते? भाजी तिथं निवडली काय अन् इथं निवडली काय.” घराची आणि कपाटाची किल्ली एकाच कड्यात होती, ते कडंच मी तिच्या हाती दिलं आणि चार वेळा बजावलं की कपाट उघडायचं नाही, काही झालं तरी नाही. ती रोज परात घेऊन यायची, उंबऱ्यात बसायची, शेंगा सोलायची आणि बाबांशी बोलत राहायची. उत्तराची वाट पाहायची नाही. शेंगांच्या भावापासून आपल्या सुनेच्या हट्टापर्यंत सगळं सांगायची. असा माणूस शेजारी मिळायला नशीब लागतं.

जुलैत मला वाटलं, बाबांना आवडेल असं काहीतरी छापावं. फार पूर्वी एका सुट्टीत बाबांच्या मागं वावरात उभं राहून मी वखराला जुंपलेल्या जोडीचं पाठमोरं चित्र काढलं होतं. डावीकडं मोडक्या शिंगाचा पवळ्या, उजवीकडं डागवाला बांड्या. तेच शोधून काढलं. आता या कामात एक गोष्ट आहे. फळीवर जे डावीकडं असतं ते कागदावर उजवीकडं छापलं जातं. म्हणून फळीवर चित्र उलटं काढावं लागतं. मी तसं उलटं काढलं. बांड्या डावीकडं, पवळ्या उजवीकडं. छापल्यावर दोघं आपापल्या जागी येणार होते. बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. छापलेला कागदच एकदम हातात द्यायचा होता. फळी टेबलावर ठेवली, पटाश्या कपाटात टाकून कुलूप लावलं आणि शाळेत गेले.

शाळेतून आले तर उंबऱ्यात परात होती आणि खुर्शीदबी नव्हती. आतून टक टक असा आवाज येत होता. दारातून पाहिलं तर कपाटाचं दार सताड उघडं.

मी आत धावले. मग पाहिलं, बाबा टेबलाशी उभे होते, धोतराचा सोगा खोचून, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. हातात माझी गोल पटाशी. जमिनीवर लाकडाचा किस. खुर्शीदबी त्यांच्या बाजूला कंबरेवर हात ठेवून उभी राहून पाहत होती, जणू काही आचारी जिलेबी पाडतोय.

“ही किल्ली कुणी दिली?” मी ओरडले. माझा आवाज ट्युशन क्लासपर्यंत गेला असणार.

खुर्शीदबी घाबरली नाही. “म्या देली.”

“मी तुला काय सांगितलं होतं?”

“सांगतलं होतं. पण त्यायनं मांगली, बाई. इतक्या दिवसांत पह्यल्यांदा काही मांगलं. तोंडानं म्हणले, खुर्शीद, ते कुलूप खोल. मी नाई कशी म्हणू? म्या बी डोळा नाई हटवला त्यायच्यावरून.”

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मग बाबांकडं वळले आणि फळी पाहिली. त्यांनी माझं चित्र दुरुस्त केलं होतं. ओल्या फडक्यानं माझा डाग पुसून तो दुसऱ्या बैलाच्या पाठीवर काढला होता. माझ्या डाव्या बैलाचं धडधाकट शिंग अर्ध्यातून तासून टाकलं होतं आणि उजव्याचं मोडकं शिंग पुरं केलं होतं. आणि नुसतं काढून थांबले नव्हते, दोन्ही पाठी, शिंगं, जू, सगळं कोरून काढलं होतं. ओबडधोबड होतं, पण एकही वार भित्रा नव्हता. लाकूड एकदा गेलं की परत येत नाही. माझी फळी गेली होती.

“बाबा, हे काय केलं तुम्ही?”

“उलटे जुतले होते तुनं,” बाबा म्हणाले. केवढ्या दिवसांनी पुरं वाक्य. “बुधाजीचा बैल डावीकडे असते काय? तुले मालूम नाई?”

“उलटंच काढायचं असतं!” माझा राग आता कुणाच्या बापाला ऐकणारा नव्हता, आणि समोर तर बापच होता. “थांबा, दाखवतेच.”

मी रुळावर शाई घेतली, फळीवर फिरवली, कागद ठेवला आणि खुर्शीदबीच्याच डावानं खसाखसा घासला. कागद कोपऱ्यापासून सोलून काढला आणि त्यांच्यापुढं धरला. “घ्या. बघा आता कोण कुठं आहे.”

बाबांनी कागद हातात घेतला. काळ्या शाईत दोन पाठमोरे बैल, वखर ओढत पुढं चाललेले. बांड्या डावीकडं. मोडक्या शिंगाचा पवळ्या उजवीकडं. बाबा कितीतरी वेळ पाहत राहिले. मग कागद तसाच हातात घेऊन ते खाटेवर बसले.

“माहा बैल बुधाजीच्या जागी आला,” ते म्हणाले. “असंच पाह्यजे होतं. त्याच्या जागी मी जायले पाह्यजे होतं. मले कोण हाय? एक पोरगी, तेही आपल्या घरी सुखी. त्याच्या मागं बायको, सारा पसारा. आदल्या दिवशी धुऱ्यावर बसून माह्याशी बोलला थो, रागिणी. तमाखू मळून देली मले. अन् मले काहीच नाई समजलं.”

ते रडले. मी बाबांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. खुर्शीदबी गुपचूप स्वयंपाकघरात गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. मी खाली, किसातच बसले आणि जे विचारायचं सहा महिने टाळत होते ते विचारलं. “बाबा, तुमच्या मनात तसं काही येतं का?”

“येते,” बाबा म्हणाले. “रोज येते. लपवून काय करू, तू तं सुऱ्या कुलपात ठेवते.” त्यांनी चष्मा काढून सोग्यानं पुसला. “आज दुपारी नाई आलं. पटाशीवर ध्यान होतं.”

यानंतर मी कपाटाचं कुलूप काढून फेकून दिलं असं सांगायला मला आवडलं असतं. नाही फेकलं. माझा तेवढा धीर नाही. ह्यांनी अकोल्यात एक चांगला डॉक्टर शोधला, रजा काढून बाबांना घेऊन गेले, गोळ्या सुरू झाल्या. मी शाळेत जाताना कुलूप लावायची आणि खुर्शीदबी आली की ते उघडायची. तिची भाजी निवडून होईपर्यंत बाबा कोरायचे. मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, तुमी चिडले नसते तं मले वाटलं असतं तुमची तब्येत बिघडली.” हुसेनभाईंनी शिवणीची दुसरी फळी आणून दिली आणि कशासाठी म्हणून विचारलंही नाही.

दुसरी फळी बाबांना जड गेली. बैल मुद्दाम चुकीच्या जागी जुंपायचे म्हणजे त्यांच्या हाताला पटेना. पटाशी उचलायचे, परत ठेवायचे. “जाणूनबुजून उलटे जुतायचे म्हंजे बैलाले फसवल्यासारखं वाटते,” म्हणायचे. मी त्यांना माझा पावडरचा आरसा दिला. तो फळीपाशी धरून ते आत पाहायचे, आरशात बैल बरोबर दिसले की चार वार करायचे, मग पुन्हा आरसा. चहा गार व्हायचा, मी परत गरम करायची, तोही गार व्हायचा. मी तक्रार केली नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

पोळ्याच्या आधी छाप निघाला. पवळ्या डाव्या अंगाला, बांड्या उजव्या. बाबांनी तो वाळू दिला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि म्हणाले, “पोळ्याले गावाले जातो. कौशल्याबाईले देतो.”

त्या धुऱ्याजवळ, त्या घरी, सणाच्या दिवशी. “मी येते,” म्हटलं. त्यांनी नको म्हटलं नाही.

पोळ्याच्या दिवशी आम्ही एस.टी.नं गेलो. गावात बैल कमीच उरले होते. ज्यांच्या गोठ्यात होते त्यांनी शिंगं रंगवून तोरणाखाली आणायची तयारी चालवली होती. कौशल्याकाकूंच्या गोठ्यात सरपण रचलेलं होतं. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं. बाबांनी गुंडाळी उघडून त्यांच्यापुढं धरली.

काकूंनी कागद उजेडात नेला. बोट लावलं नाही, नुसतं हवेत फिरवलं, बांड्याच्या डागावरून. “हा आमचा,” म्हणाल्या. मग त्यांनी तो भिंतीला टेकवून पाटावर उभा केला, वर दोन्ही बैलांच्या पाठीला हळदीकुंकू लावलं आणि पुरणाच्या पोळीचा नैवेद्य दाखवला. ज्यांच्या घरी बैल नसतात ते मातीचे पुजतात. त्यांनी त्या वर्षी मातीचेही आणले नव्हते.

बाबा उभे होते. त्यांनी हात जोडले आणि जे खाटेवर बसून बोलले होते तेच बोलले, एका दमात. “कौशल्याबाई, त्याच्या जागी मी जायले पाह्यजे होतं.”

काकूंनी पाटासमोरून मान वळवली. त्यांना राग आलेला दिसत होता.

“काहून? तुमी गेले असते तं थो वापस आला असता काय?” त्या म्हणाल्या. “नत्थूभाऊ, चार लोकं येतात, मले बिचारी म्हणतात, चहा पिऊन जातात. थो वावरात गाणं कोणतं म्हणे, बांड्याले शिव्या कोणत्या दे, हे या गावात मले अन् तुमाले दोघालेच मालूम हाय. तुमी बी गेले असते तं मी कोणापाशी बोलली असती त्याचं? बरं झालं तुमी राह्यले. मले तं रोज वाटते, बरं झालं नत्थूभाऊ हाये. बसा आता. जेवा.”

बाबा बसले. काकूंनी पाटावरचाच नैवेद्य उचलून त्यांच्या ताटात वाढला, वर तुपाची धार सोडली. बाहेर पोरं बैलांमागं धावत होती. बाबांनी पोळीचा घास मोडला, खाल्ला, मग दुसरा, आणि ताट रिकामं झाल्यावर काकूंना म्हणाले, “बांड्याले थो शिव्या दे, त्यातली एक सांगू काय? तुमच्यापुढं कधी देत नसन.” काकूंनी डोळे पुसले, आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाल्या, “सांगा.”